बोर्डाची कल्हई

लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार असताना माझी पोस्टिंग उत्तरेला, बर्फात होती. मी सालवडचा, माझ्या हाताखालचा नाईक मेहेर दातिवऱ्याचा. इतक्या लांब एकाच तालुक्यातले दोघे, त्यामुळे जेवणापासून भांडणापर्यंत सगळं आम्ही एकत्रच उरकायचो.

रेडिओ सेट चालू ठेवणं हे आमचं काम. सुट्या भागांची वाट पाहत बसलो असतो तर पोस्ट मुकीच राहिली असती. मेहेर तांब्याच्या कोऱ्या बोर्डावर ब्लेडने रेघा कापून हवं ते सर्किट बनवायचा. मग त्यावर सोल्डरचा पातळ थर. त्याला तो कल्हई म्हणायचा. तांबं घासायचं, राळ फासायची आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न सोल्डरला नाही, तांब्याला टेकवायचं. तांबं पुरतं तापलं की सोल्डर एकदम वितळून पसरतं. मी हटकून घाई करायचो.

"उस्ताद, तांब्याला बोट नका लावू. बोट लागलं की सोल्डर नाय धरत."

हवालदाराला झापणारा नाईक मी दुसरा पाहिला नाही.

एकदा त्याला सुट्टीवरून मधेच परत बोलावलं. त्याच आठवड्यात, भर दुपारी सेटचा पॉवर बोर्ड जळाला. पॅट्रोल पार्टी खाली नाल्यात होती आणि वरच्या उताराचा बर्फ सुटू लागला होता. मेहेरने नवा बोर्ड कापला. आयर्न स्टोव्हवर तापवलं. थंडीत सोल्डर दाण्यासारखं घट्ट राहिलं, फार वेळ राहिलं. मग वितळलं. सेटमध्ये जीव आला, पण नुसती खरखर; आवाज पोहोचेना.

"अँटेना पडलाय. मी जातो."

"दोर बांध."

"बांधला, उस्ताद."

थोड्या वेळाने खरखर थांबली. मी बोललो, "अल्फा, नाला छोडो. बाएं से ऊपर आओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

पार्टी सगळी परतली. बर्फ अँटेनासकट मेहेरला घेऊन गेला. आमच्या हाती दोर तेवढा आला. त्या दिवशी आलेला थकवा अजून अंगातून गेलेला नाही.

आता मी बोईसरला इन्व्हर्टर दुरुस्त करतो. परवा मेहेरच्या आईने दातिवऱ्याला बोलावून घेतलं. त्या शेवटच्या सुट्टीत तो होडीच्या दिव्यासाठी बोर्ड कापत होता. तो बोर्ड तसाच अर्धा राहिला होता.

"याला कल्हई कर. होडीवर दिवा लावायचा हाय."

तांबं काळवंडलं होतं. घासायला घेतलं आणि हात थांबला. कोपऱ्यात तपकिरी अंगठा उमटलेला, रेघ न् रेघ स्पष्ट. निघायच्या घाईत दुसऱ्यांना झापणाऱ्याचंच बोट लागलं होतं.

"काकी, हा त्याचा अंगठा. घासला तर जाईल."

तिने बोर्ड दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ पाहिला.

"तेवढा ठेव. दिवा लागंल ना?"

"लागेल. तिथे काही जोडायचं नाही."

बाकीचं तांबं घासलं, राळ लावली, आयर्न टेकवलं. सोल्डर वितळलं, पसरत गेलं आणि अंगठ्याच्या कडेशी येऊन आपलं आपण थांबलं. मला रडू आवरेना; आयर्न तसंच बोर्डावर टेकलेलं.

काकीने पाठीवर हात ठेवला. "रड. पन आदी ते बंद कर. बोर्ड करपंल."