शेवटचा गरम प्लग

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला शर्यतवाले सगळे ‘वैद्य’ म्हणत. नायट्रो इंधनावर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या रिमोटच्या गाड्यांची नाडी त्याला कळे. इंजिन पेटतं ठेवणारा इवलासा ग्लो प्लग कुणी कोणता घालायचा, हे त्याच्या टेबलावर ठरे. हवा गार असेल तर गरम प्लग, कारण त्याची तार ऊब धरून ठेवते; हवा तापली की थंड प्लग. एवढं साधं गणित, पण लोक ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाडीला हात लावत नसत. आणि त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

हे सगळं त्याला शिकवलं उस्तादांनी, मशीनदुरुस्तीही त्यांचीच. अकरा हिवाळे शर्यतीत उस्ताद पहिले आणि वैद्य दुसरा. तो मैदानात टाळ्या वाजवी आणि घरी जाऊन बायकोवर चिडचिड करी.

यंदा थंडीने कहर केला होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी उस्ताद दुकानात आले. प्लगवरचे बारीक आकडे त्यांना दिसेनासे झाले होते, बोटंही जराशी थरथरत. तूच निवड, म्हणाले. डबीत गरम प्लग एकच उरला होता. वैद्याने डबी आपल्याकडे तिरकी धरली आणि थंड प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. उस्तादांनी तो न बघताच खिशात टाकला.

शर्यतीत त्यांची गाडी सरळ पट्ट्यावर सुसाट जाई, पण वळणाला वेग कमी केला की इंजिन विझे. तीनदा विझलं. दर वेळी उस्ताद गुडघे टेकून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसले. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारा संपला. वैद्य पहिला आला. चषक घेताना त्याला मान वर करवेना.

चार दिवसांनी उस्ताद गाडी आणि हत्यारांची पेटी घेऊन आले.

“हे तू ठेव. माझ्या हातांना आता इंजिन कळत नाही.”

प्लगचा दोष असेल, असं वैद्य कसंबसं पुटपुटला.

“प्लग तू दिला होतास. त्यात खोट कशी असेल?”

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वैद्याने आपल्या गाडीतला प्लग काढून त्यांच्या इंजिनात बसवला आणि दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, वेग उतरवला तरी विझेना.

“मी तुम्हाला थंड प्लग दिला होता, उस्ताद. गरम एकच होता. तो मी ठेवून घेतला.”

उस्ताद बराच वेळ इंजिन ऐकत राहिले. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“म्हणजे हात शाबूत आहेत,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. गाडी उचलली, पेटी काखोटीला मारली आणि घरी गेले.

पुढच्या हिवाळ्यात प्लग घ्यायला ते वैद्याकडेच आले. चौकशी केली, थंडीवर बोलले. वैद्याने गरम प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. उस्तादांनी खिशातून भिंग काढलं आणि त्यावरचा आकडा वाचला.