तीन जादा निबंध

"चारही लावा मॅडम. वजन दिसायला पाहिजे," गोपीचंदशेठ म्हणाले आणि माझ्या टेबलावरचा लिफाफा त्यांनी खरोखरच तळहातावर तोलून पाहिला.

उल्हासनगरात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सकाळी परीक्षेची मुलं, दुपारी बाहेरची कामं. नव्वदच्या दशकात त्यात अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म येऊ लागले. शेठजींची मुलगी रेश्मा असाच एक फॉर्म पाठवत होती. सोबत एक निबंध सक्तीचा. हवे असल्यास आणखी जोडा, असं खाली बारीक अक्षरात होतं. ते बारीक अक्षर शेठजींना सगळ्यांत मोठं दिसलं.

रेश्माचा स्वतःचा निबंध छान होता. रविवारी बापाच्या साड्यांच्या दुकानात बसून ती गिऱ्हाईक ओळखायला कशी शिकली, एवढंच. बाकीचे तीन माझ्या नमुना फाइलमधले. नमुना फाइल म्हणजे तयार मजकुरांचा गठ्ठा. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, भाडेकरूला नोटीस. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं, आम्ही नाव बदलून टाइप करायचं. बहुतेक टायपिस्टांकडे अशी फाइल असे आणि कुणाला त्यात गैर वाटत नसे. मलाही नाही. दोन वर्षांपूर्वी बदलापूरच्या एका मुलाचे निबंध मी टाइप केले होते. त्यांच्या कार्बन कॉप्या मीच मोठेपणाने रेश्मापुढे ठेवल्या. तिने नुसती शीर्षकं बघून तीन निवडले.

कुरिअर पाचला बंद व्हायचं. साडेतीन वाजले होते. शेठजींचे वडील बाकावर चहा पीत होते. नातीने काय लिहिलंय ते त्यांना ऐकायचं होतं. रेश्मा एक जादा निबंध उचलून हिंदीत सांगू लागली.

"मेरे स्वर्गवासी दादाजी ने मुझे नदी में तैरना सिखाया..."

ती थांबली. म्हातारबांनी बशी खाली ठेवली.

"कौन स्वर्गवासी? मैं?"

शेठजी खो खो हसले. मला हसू येईना. टायपिस्ट अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. ती पानं मी स्वतः टाइप केली होती आणि एकही ओळ वाचली नव्हती. मग दुसरंच आठवलं. त्या बदलापूरच्या मुलाचा अर्जही याच कॉलेजला गेला होता. तेच आजोबा, तीच नदी! कुणाच्या लक्षात आलं असतं तर रेश्माचा खरा निबंधही खोटा ठरला असता.

एक शब्द बदलून वेळ मारून नेता आली असती. तसा मोह झालाही. खरं सांगितलं तर बाजारात माझी अब्रू जाणार होती. पण वर्ष पोरीचं जाणार होतं.

"शेठजी, हे तीन लावू नका. दुसऱ्याचे आहेत आणि याच कॉलेजला आधी गेलेत. चूक माझी आहे."

"पण मॅडम, एकच पान? बाकी लोग दस भेजेंगे! आपण गिऱ्हाईकला एक साडी दाखवतो काय? पन्नास दाखवतो!"

रेश्मा म्हणाली, "पप्पा, पन्नासमध्ये एक फाटकी निघाली की गिऱ्हाईक चांगलीवाली पण उलटून बघतं. तुम्हीच सांगता ना?"

म्हातारबा उठले आणि त्यांनी तिन्ही पानं फाडली. "ये तीनों मरने दो," ते म्हणाले. "मैं अभी बैठा हूँ."

पाचला दहा कमी असताना कुरिअरची पावती हातात आली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी फाइलमधले निबंध काढून टाकले. रजेचे अर्ज ठेवले. त्यात आजोबा कितीही वेळा गेले तरी साहेब लोक समजून घेत.

काही महिन्यांनी रेश्मा मिठाई घेऊन आली. प्रवेश मिळाला होता. मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त सुटल्यासारखं वाटलं. एका पानात अमेरिका मिळाली, असं शेठजी पुढे सगळ्यांना सांगत. पानामुळे मिळाली की मार्कांमुळे, देव जाणे. मी एवढंच शिकले की मागितल्यापेक्षा जास्त द्यायचं असेल, तर निदान ते आधी वाचावं.