बदकिणीचा फटका

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला मुलाच्या घरात आमच्याकडे एक इंजिनियर भाड्याने राहतो. एवढा बाप्या, पण कुणालाही न आठवणाऱ्या कार्टूनमधल्या एका बदकिणीला रविवारभर कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी मारामारी शिकवत बसतो. तिची प्रत्येक लाथ आधी स्वतः मारून बघतो आणि "कडक" म्हणत स्वतःलाच शाबासकी देतो. चहाचा उष्टा कप मात्र त्याच्याने उचलवत नाही.

परवा म्हणाला, "काकू, भाकरी थापा ना. बदकिणीला तसाच फटका मारायला शिकवायचंय."

मी लाजत थापली. त्याने फोनवर माझे हात टिपले, भाकरी तशीच ठेवली आणि पिझ्झा मागवला.

आज पुन्हा आला. "काकू, अजून एकदा. डावा हात नीट दिसला नाही."

"पीठ संपलंय," मी म्हटलं.

भरलेला डबा समोर उघडाच होता.