बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला ते नऊ दिवस

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढावं लागलं, नंतर किरणांचे उपचारही झाले. गळ्याला समोरून एक भोक पाडलेलं, श्वास त्यातूनच. तीस वर्षं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बाबांनी आर्वीच्या एका सरकारी कचेरीत टायपिंग केलं होतं. त्यातला खर्रा त्यांना भोवला आणि टायपिंग कामी आलं.

आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. ऑपरेशनआधीच बाबांचा उजवा हात कापायला लागला होता, त्यामुळे पेन धरणं जमत नव्हतं. पाटीवर लिहायला दिलं तर नुसत्या रेघोट्या उठत. मोबाइलवर बोट एका अक्षरावर ठेवायला जात आणि पडायचं दुसऱ्यावरच. पण कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले की तीस वर्षांच्या सवयीनं बोटं आपोआप जागेवर पडायची. जुन्या मराठी टाइपरायटरला अक्षरं जिथं असत तिथंच ती असावीत म्हणून एक छोटा प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी कधीकाळी टाकून दिला होता. त्याची सीडी हरवलेली. शाळेच्या लॅपटॉपवर तो चालत नाही हे मी करून बघितलं होतं. म्हणजे बाबांचं बोलणं त्या एका जुन्या डब्यात होतं. एक जीबी रॅम, पिवळा पडलेला कीबोर्ड, सुरू व्हायलाच चहा होईपर्यंतचा वेळ.

ते बोलायचेही कचेरीतल्यासारखे. तोंडानं बोलत तेव्हा अस्सल वऱ्हाडी होते, पण टाइप करताना "आज भाजीत मीठ कमी आहे, कृपया नोंद घ्यावी" असं यायचं. मी हसायचे. ते हसत, तेव्हा गळ्यातल्या नळीतून फुसफुस हवा यायची.

एप्रिलमधला शनिवार होता. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले तर बाबांचा चेहरा उतरलेला. विहारातल्या एका बाईंनी कार्यक्रमाची सूचना छापायला पेन ड्राइव्ह आणला होता. बाबांनी तो लावून दिला, त्यांचं काम केलं, आणि त्यानंतर सगळे फोल्डर गायब. त्यांच्या जागी बारीक बाण असलेली शॉर्टकटची चिन्हं. मी एकावर क्लिक केलं आणि कॉम्प्युटर गुरगुरायला लागला. बाबांनी एक शब्द टाइप केला. पहिलं अक्षर उमटेपर्यंत मी मनात वीस मोजले. दुसरं आलंच नाही.

"व्हायरस असंल बाबा. काढून टाकू. तुम्ही घाबरू नका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. ते घाबरलेले नव्हते. मी होते.

सोमवारी मी तो डबा ओढणीत बांधून रिक्षानं दुकानात नेला. दुकानदारानं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली आणि पुन्हा लावलं.

"मॅडम, याच्यात जीव नाई राह्यला आता. नवा घेऊन टाका."

"नव्यावर बाबांचा टायपिंगचा प्रोग्राम चालत नाही."

"मग फॉरमॅट मारून देतो. सगळं साफ."

"प्रोग्रामपण जाईल?"

"जाईनच ना. सगळंच जाते."

"त्याच्याशिवाय ते बोलू शकत नाहीत हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण दुकानातली दुसरी माणसं बघायला लागली.

तो जरा नरमला. "मग एखादा फ्री अँटिव्हायरस टाकून पाहा. पण या मशीनले झेपन असं मले नाई वाटत."

मंगळवारी मी मोबाइलच्या नेटवर कॉम्प्युटर जोडला आणि सगळ्यात नावाजलेला जो फुकट अँटिव्हायरस होता तो उतरवला. निवडायचं कसं हे मला कळत नव्हतं. जो पहिला दिसला, ज्याला जास्त चांदण्या होत्या, तो घेतला. उतरायला दुपार गेली. बसल्यावर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तर पाऊण तास पडदा निळाच. बाबा शेजारी खुर्चीवर, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून बसले होते. मी म्हटलं, "हात काढा बाबा, वेळ लागंल." त्यांनी काढले नाहीत. कूलरच्या हवेत त्यांचा शर्ट अंगावर फडफडत होता. तो त्यांना सैल होऊ लागलाय हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

बुधवारी मी मूर्खपणा केला. पडद्यावर लाल खिडकी उघडली, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो धोके आहेत, लगेच इथं दाबा. आधीच्या अँटिव्हायरसचीच ती सूचना असावी असं धरून मी दाबलं. ती कुणाचीच नव्हती, लबाडांची होती. आता दोन रक्षक झाले, एक खरा आणि एक खोटा, आणि दोघांच्या ओझ्याखाली तो कॉम्प्युटर हलेनासा झाला. माउसचा बाण एका जागी गोठून राहिला.

बाबा या दिवसांत पुन्हा पुन्हा गळ्याकडे हात नेत. मग माझ्याकडे बघत, मग कॉम्प्युटरकडे. मला वाटलं ते म्हणताहेत, माझा आवाज कुठे आहे, केव्हा देतेस. मी चिडून म्हणायचे, "करतेच आहे ना!" पुठ्ठ्यावर मोठी बाराखडी लिहून मी त्यांच्यापुढे ठेवली, बोट ठेवून दाखवा म्हटलं. त्यांनी कापऱ्या बोटानं पाणी एवढंच दाखवलं आणि पुठ्ठा बाजूला सारला. पहिलीच्या पोरांसारखं बोलणं त्यांना लाजिरवाणं वाटत असणार. ताटातली भाकर ते तशीच ठेवत. नुसतं वरणाचं पाणी पीत. मला वाटलं, रुसलेत. आपला बाप रुसला म्हणून जेवत नाही, याचा मला रागसुद्धा आला.

गुरुवारची दुपार ते दोन्ही काढून टाकण्यात गेली. खरा निमूट निघाला. खोटा निघता निघेना. मी मोबाइलवर वाचत होते, कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू करत होते, चुकत होते, पुन्हा बंद करत होते. मध्येच लाइट गेली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बाबांनी मागून येऊन पाठीवर हात ठेवला. तो हात हलका लागला होता, हे आता आठवतं.

शुक्रवारी शाळेत मी कुणाशी बोलत नव्हते. आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मॅडम शेजारी येऊन बसल्या. "काऊन वं, असा चेहरा काऊन करून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्या घरीही जुना कॉम्प्युटर होता. त्या म्हणाल्या, "नाव पाहून घेऊ नको. तुझ्या मशीनचं वय पाहून घे. बत्तीस बिटचा आहे का, जुन्या विंडोजवर चालते का, किती रॅम मागते, हे त्याच्या पानावर लिहून राहते. आन् एकच टाकजो. सारखा पहारा देणारा नको, आपण सांगू तेव्हाच तपासणारा पाहा. तो हलका राहते."

"आणि नेट?"

"नेट काढून टाक. तुझ्या बाबाले नेट कायले लागते? अर्ज लिहितात ते."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी माझ्यासोबत बसून शाळेच्या कॉम्प्युटरवर तीन-चार पानं वाचली. दोन तर आमच्या विंडोजला आता चालतच नव्हते. एक चालत होता, पण रॅम दुप्पट मागत होता. शेवटी एक छोटा सापडला, फारसा कुणाला माहीत नसलेला. कोऱ्या पेन ड्राइव्हवर तो घेऊन मी पळतच बस गाठली.

दुपारी तपासणी सुरू केली. संध्याकाळपर्यंत निम्मीही झाली नव्हती. रविवारी सकाळी पुन्हा लावली. दहाच्या सुमारास संपली. बाण असलेली ती सगळी चिन्हं गेली. लपलेले फोल्डर उघडे करायची एक ओळ मॅडमनी कागदावर लिहून दिली होती, ती टाइप केली आणि बाबांचे अर्ज, पत्रं, सगळं परत दिसलं. मी ओरडले, "बाबा, या! झालं!"

ते आले, बसले, हात ठेवले. टाइप करू लागले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटत होती. अर्थ नसलेली, एकामागून एक. ते थांबले, पुसलं, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. टायपिंगचा प्रोग्राम नव्हता. व्हायरससोबत अँटिव्हायरसनं तोही उचलून नेला होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज गेल्यापासून ते कधी ओठ हलवत नसत. मला ते सहन झालं नाही.

"मी काय करू आता?" मी किंचाळले. "नऊ दिवस झाले! जितकं जमलं तितकं केलं मी! माझ्याकडे असं पाहू नका!"

ते उठले आणि अंगणात जाऊन निंबाजवळ उन्हातच उभे राहिले. भिंतीला हात टेकून.

मी मॅडमना फोन लावला. काय बोलले ते मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "रडू नको. ज्याच्यावर शंका येते ते तो मारून नाई टाकत, कोंडून ठेवते. क्वारंटाइन असं लिहिलेलं पाहा."

मी शोधलं. एका कोपऱ्यात यादी होती. सोळा नावं, सगळी अगम्य. सतराव्या ओळीत बाबांचा प्रोग्राम. पुढे 'धोका' असं लिहिलेलं. जुना होता, ओळखीचा नव्हता, म्हणून धोका. मी तो सोडवला आणि याला पुन्हा हात लावू नको अशा यादीत त्याचं नाव घातलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नोटपॅड उघडून एक कळ दाबली. 'क' आला.

बाबांना हाताला धरून आत आणलं. खुर्चीवर बसवलं. त्यांनी बराच वेळ बोटं नुसती ठेवली. मग टाइप केलं, आणि अक्षरं त्यांच्या बोटांबरोबर उमटली.

"बाई, मले घास गिळल्या जाऊन नाई राह्यला. आठ दिवस झाले. अडकते."

कृपया नाही, नोंद घ्यावी नाही. ते वाचून मी खालीच बसले, त्यांच्या खुर्चीजवळ.

"मला काऊन नाई सांगितलं बाबा?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं काय विचारतेय ते.

त्यांनी टाइप केलं, "सांगून तर राह्यलो होतो."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही वर्ध्याच्या दवाखान्याकडे निघालो. रस्ताभर मी त्यांच्या हाताचं मनगट धरून होते. ते माझ्या अंगठ्यात आणि बोटात सहज मावत होतं. डॉक्टरांनी वजन केलं, नळी घालून आत पाहिलं, तुकडा काढून तपासायला दिला. म्हणाले, "इतके दिवस घरी कसे राहिलात? अंगातलं पाणी पार कमी झालंय." मी कॉम्प्युटरचं सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले. ऐकायला ते कसंतरीच वाटत होतं.

रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस मी लिहू शकत नाही. गाठ नव्हती. किरणांच्या उपचारानं अन्ननलिका आकसली होती. त्यांनी ती आतून रुंद केली. पुन्हा आकसू शकते, पुन्हा यावं लागेल, म्हणाले.

बाबा आता दुधात कुस्करलेली भाकर खातात. एका वाटीला पाऊण तास लागतो. कॉम्प्युटर चालतो, पण पंख्याचा आवाज दिवसेंदिवस वाढतोय, आणि तसा दुसरा कुठे मिळत नाही. मी वर्गात पाढे घेत असते आणि मधेच थांबते. बाहेर जाऊन शेजारच्या काकूंना फोन करते, घरात डोकावून या म्हणते, कॉम्प्युटरच्या डब्याचा हिरवा दिवा लागलेला आहे का बघा. त्या बघून येतात. आहे, म्हणतात. मग मी वर्गात परत जाते.