उजवी पाकळी

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी नऊ वाजता बाबांनी हृदयाच्या ऑपरेशनला नकार दिला. ऑपरेशन सोमवारी होतं. तीन रक्तवाहिन्या बंद होत्या आणि डॉक्टरांनी थांबू नका असं बजावलं होतं. पणजीच्या वर्तमानपत्रातून रजा घेऊन मी साखळी गावातल्या घरी आले होते.

बाबा निवृत्त मास्तर. देवळाच्या मंडपात संध्याकाळी योगाचा वर्ग घेत. दुःखाची मुळं पाच, असं सांगत करंगळीपासून बोटं मोजायचे: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष. अंगठ्यावर अभिनिवेश, म्हणजे जिवाला चिकटून राहणं, मरणाचं भय.

त्या सकाळी त्यांनी मला अंगठा दाखवला. "इतकी वर्षं हे शिकवलं. आता जिवासाठी छाती फाडून घेऊ? शिवाय देवाकडे प्रसाद लावला. डावी पाकळी पडली."

"देवाला मध्ये घालू नका," आई म्हणाली. "सुई बघून डोळे मिटता तुम्ही."

आमच्याकडे मोठ्या निर्णयाआधी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मनात ठेवत नाहीत. भटजी तो देवापुढच्या गाऱ्हाण्यात मोठ्याने मांडतात. म्हणजे साक्षीदार होता. मी देवळात गेले.

भटजी समया पुसत होते.

"बाबांनी काय विचारलं?"

"ऑपरेशन करून घेऊ काय? गाऱ्हाणं मीच घातलं मगे."

"आणि?"

"उजवी. लगेच पडली. मास्तरांचा चेहराच उतरला. म्हटलं, देव हो म्हणतो, मग तुम्ही असे उदास कित्याक?"

मी परतले तेव्हा बाबा ओट्यावर पेपर वाचत होते.

"उजवी पडली होती," मी म्हटलं.

त्यांनी पेपराची घडी केली. पुन्हा उलगडला.

"भूल दिल्यावर मी कुठे असेन, बाय? परत नाही आलो तर?"

दारातून आई म्हणाली, "अंगठ्यावर मास्तर नापास. बॅग भरू काय?"

रविवारी बाबांनी वर्गाला आलेल्यांना परत पाठवलं. आईने बॅग भरून दाराशी ठेवली. बॅगेकडे ते बघत नव्हते.

सोमवारी पहाटे ते स्वतःच गाडीत बसले. हॉस्पिटलात नर्सने संमतीपत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. सात वाजून दहा मिनिटांनी सही झाली.