गुळाच्या काट्यावरचे मेहुणे

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस सबंध कोल्हापुरात नसेल. तरुणपणी तालमीत होते, तेव्हा कुस्तीआधी वजन व्हायचं. आता गुळाचा व्यापार आहे, तरी रोज सकाळी वखारीत ढेपांच्या आधी स्वतः काट्यावर चढतात. विशीत ब्याऐंशी किलो, पंचावन्नाव्या वर्षीही ब्याऐंशी. हा आकडा ते मला फोन करून कळवतात आणि मी सवयीने "छान" म्हणतो. मधल्या काळात मांड्या वाळल्या आणि पोट घागरीसारखं पुढं आलं, हे काटा सांगत नाही. "दाजी, पट्ट्याचं भोकसुदिक बदलल्यालं न्हाय बगा!" खरं आहे. पट्टाच दर वर्षी पोटाखाली थोडा थोडा उतरत गेला आहे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कमरेने, मांड्यांनी पहिल्यापासून भरदार. त्यांच्या ताटावर नजर ठेवणं हा मेहुण्यांचा आवडता उद्योग. "अगं, दार रुंद कराय लावशील!" वहिनी अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवत. माझ्या बायकोला काळजी भावाची होती. त्यांचे वडील असंच पोट घेऊन हिंडत आणि साठी न गाठता हृदयविकाराने गेले. शेवटी "वहिनीला दाखवायचंय" असं सांगून तिने दोघांना राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे मी नेलं. असली कामं माझ्याकडेच येतात. जोडीने रक्त तपासलं तर सवलत आहे, हे ऐकून मेहुण्यांनीही हात पुढे केला.

रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी टेप काढून मेहुण्यांचं पोट बेंबीवरून मोजलं. एकशे आठ सेंटीमीटर.

"पन वजन बगा की! ब्याऐंशी!"

"वजन किती, यापेक्षा ते कुठं आहे हे मी बघते."

मग त्यांनी समजावलं. बायकांच्या हार्मोन्समुळे चरबी मांड्यांवर साठते आणि तिथं ती बहुधा त्रास देत नाही. आतड्यांभोवतीची मात्र यकृताला छळते, इन्सुलिनला काम करू देत नाही. वहिनींचे रिपोर्ट स्वच्छ होते. "पाळी गेल्यावर तुमचीही पोटाकडे सरकेल, चालत राहा," एवढंच त्यांना सांगितलं. साखर वाढलेली होती मेहुण्यांची.

बाहेर आल्यावर त्यांनी कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "दाजी, आमच्या वडलांचं पन असंच हुतं न्हवं?"

मी हो म्हणालो.

आता सकाळचा फोन येतो तो बेंबीवरच्या मापाचा. परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी सवयीने अर्धी भाकरी टोपलीत ठेवली. मेहुण्यांनी ती उचलून त्यांच्या ताटात वाढली.

"खा की," म्हणाले, आणि मान खाली घालून आपली काकडी चावत बसले.