काकूची हिरवी बुरशी

माझी मोठी काकू एकटी राहायची, तरी तिच्या कुकरच्या शिट्ट्या थांबत नव्हत्या. आमची घरं एकमेकांना चिकटून, मधे एकच भिंत. आई भाजी चिरता चिरता मान वर करून म्हणायची, "एकट्या जिवाला एवढा भात कशाला लागतो गं? पंगत बसवलीय का?" पण पलीकडे जाऊन विचारायची सोय नव्हती. काका गेले त्या वर्षी कोकोच्या बिया वाळवायच्या ओट्यावरून दोघी जावांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. मी मात्र दोन्ही घरांत बिनदिक्कत वावरायचे, त्यामुळे मला भाताचं कारण ठाऊक होतं.

आजोबांनी लावलेली कोकोची, म्हणजे ज्याच्या बियांचं चॉकलेट होतं त्या झाडांची, बाग काकांनी आणि बाबांनी निम्मी निम्मी वाटून घेतली होती. पाऊस लांबला की फळांवर तपकिरी डाग उठायचा, बघता बघता अख्खं फळ काळं ठिक्कर पडायचं आणि आतल्या बिया सडायच्या. काका होते तोवर ते पाठीला पंप लावून औषध मारायचे. ते गेल्यावर काकूने माणूस लावून फवारणी करून घेतली, तरी त्या हंगामात टोपलीत चांगल्या फळांपेक्षा काळीच जास्त निघाली. "झाडंच तोडून टाकावीशी वाटली गं," तिने मला नंतर सांगितलं. "यांनी जिवापाड जपलेली. रडू आवरेना."

त्याच सुमारास शेती केंद्रातल्या मॅडमनी बायकांसाठी वर्ग घेतला. ट्रायकोडर्मा नावाची एक हिरवी बुरशी असते, ती रोगाच्या जंतूला विळखा घालून खाऊन टाकते, आणि ती घरच्या घरी भातावर वाढवता येते, असं त्यांनी सांगितलं. काकू उठून उभी राहिली.

"मॅडम, पावावरची, पिठातली, चपलांवरची बुरशी घालवण्यात माझी हयात गेली. आता म्हातारपणी ती पाळू?"

सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या. पण परत येताना काकूच्या पिशवीत बुरशीच्या विरजणाची बाटली होती.

तांदूळ अर्धकच्चा शिजवायचा, पिशव्यांत भरून तोंडाला कापूस लावायचा, कुकरमध्ये पुन्हा वाफवायचा आणि गार झाला की त्यात विरजण घालायचं. काकूने सगळं मन लावून केलं. आठवड्याभराने पिशव्यांत काळे-गुलाबी ठिपके आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. तिने सगळं उचलून पुरलं आणि दोन दिवस स्वयंपाकघराकडे फिरकली नाही.

शेवटी मॅडमच घरी आल्या. त्यांनी चुलीवरच्या खिडकीकडे पाहिलं, गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "काकू, वाऱ्यावर नको ती बुरशी आत येते. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला फडकं. पिशवी उघडायची ती दिव्याच्या ज्योतीपाशी."

पुढच्या खेपेला मी गेले तर काकूने दारातूनच मला आत ओढलं. "हे बघ! मखमल आहे नुसती!" पिशव्यांतला भात हिरवागार झाला होता. बाळाच्या अंगावरून फिरवावा तसा ती पिशवीवरून हात फिरवत होती.

तो भात पाण्यात कुस्करून, गाळून, ऊन उतरल्यावर ती झाडांवर फवारायची. काळी फळं तोडून खड्ड्यात टाकायची आणि त्यांच्यावरही तेच पाणी शिंपडायची. हंगाम आला तेव्हा बागेच्या मधोमध फळं पिवळी धमक होती. बांधाकडच्या ओळी मात्र तशाच काळ्या. मॅडम म्हणाल्या, "पावसाचे शिंतोडे बांध ओळखत नाहीत. शेजारच्या बागेतली काळी फळंही निघायला हवीत."

शेजारची बाग म्हणजे आमची.

काकू हातात हिरव्या भाताची पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आई भांडी पुसत होती.

"हे काय, जाऊबाई?"

"बुरशी."

"एवढ्या दिवसांनी आलात आणि बुरशी घेऊन?"

"दुसरं काही आणलं असतं तर घेतलं असतंस?"

आईने पिशवी हातात घेतली, उजेडात धरली. "आणि आमच्या झाडांना काही झालं तर?"

"तर मला शिव्या घाल. नाहीतरी घालतेसच."

आईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मग तिचे डोळे भरून आले. आईने फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आत तरी या. उंबऱ्यात उभं राहून काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवसापासून दोघी मिळून आमच्या बागेतली काळी फळं तोडू लागल्या. आईला उंचावरची दिसायची, काकूला पानाआड लपलेली. कोणी किती काढली यावर दोघींची जुंपायची. फवारणीच्या दिवशी आईने पंपात जुन्या औषधाचं थोडं पाणी तसंच ठेवलेलं पाहून काकू कडाडली, "अगं, त्याने आपलीच बुरशी मरेल ना!" आईने निमूटपणे पंप धुतला. ऐकून घ्यायची तिला सवय नाही, म्हणून सांगते.

रोग पुरता गेला नाही. ओल्या दिवसांत अजूनही काही फळं काळी पडतात, आणि मॅडमनी आधीच बजावलं होतं की ही जादू नव्हे, दर हंगामाला राबावं लागेल. पण बांधाच्या दोन्ही बाजूंना टोपल्या पिवळ्या फळांनी भरतात. वाड्या-वस्त्यांवरच्या बायका "बुरशीबाई कुठे राहतात?" असं विचारत येतात आणि आई ऐटीत सांगते, "आमच्या जाऊबाई त्या."

यंदा काकूने रोगाने मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावली. प्रत्येक खड्ड्यात मूठभर हिरवा भात टाकून, गुडघे धरत ती उठली आणि आईला म्हणाली, "ती शेवटची दोन तू लाव. माझी कंबर गेली."

आईने पदर खोचला.